चार डावांत बळ कळते का?

वाचकाचे पत्र: माझी मुलगी तेरा वर्षांची असून आठवीत शिकते. शाळेच्या बुद्धिबळ संघातील शेवटच्या एका जागेसाठी तिची आणि तिच्याच वर्गातील एका मैत्रिणीची चार डावांची लढत घेण्यात आली. प्रत्येकीला पंचवीस मिनिटे आणि दर खेळीला दहा सेकंद वाढीव, असा वेळ होता. निकाल अडीच-दीड असा मैत्रिणीच्या बाजूने लागला. सरांनी वर्गात सांगितले, “कोण सरस ते आता ठरले.” त्या दिवसापासून मुलीने पट कपाटातून बाहेर काढलेला नाही. तिचा मामा म्हणतो, “चार डावांत काय कळतंय, सगळा नशिबाचा खेळ.” तिचे वडील यंत्रमागावर काम करतात. ते म्हणतात, हरली म्हणजे हरली, कारणे सांगायची नाहीत. मला बुद्धिबळातले फारसे कळत नाही. यात खरे कोणाचे? चारही डावांच्या नोंदी सोबत पाठवत आहे. — एक आई, अशोक चौक, सोलापूर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र आणि चारही डावांच्या स्कोअरशीट मिळाल्या. दोन संध्याकाळी मी ते डाव माझ्या पटावर मांडून पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळून पाहिले, कारण नुसत्या अडीच-दीड या आकड्यावरून उत्तर देणे मला योग्य वाटले नाही. आधी आपल्या थेट प्रश्नाचे थेट उत्तर देतो. मुलीच्या वडिलांचे म्हणणे निकालापुरते बरोबर आहे. मामांचे म्हणणे मोजमापापुरते बरेचसे बरोबर आहे, मात्र त्यांनी वापरलेला ‘नशीब’ हा शब्द मला मान्य नाही. आणि सरांचे वाक्य, त्यांचा हेतू कितीही चांगला असला तरी, चुकीचे आहे. चार डावांनी संघातील जागा कोणाची ते ठरले. दोघींपैकी सरस कोण, हे चार डावांनी ठरलेले नाही आणि ठरणेही शक्य नव्हते.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात आणि ती बहुधा चुकत नाही. ती चुकत नाही याचे कारण असे की एका भांड्यातील सगळ्या शितांना तीच आच आणि तेच पाणी मिळालेले असते, त्यामुळे एक शीत शिजले असेल तर बाकीचीही शिजलेली असतात. बुद्धिबळातील डाव अशा एका भांड्यातले नसतात. तोच खेळाडू शनिवारी दुपारी वीस खेळ्या पुढचे पाहतो आणि रविवारी सकाळी समोर उघड्यावर पडलेला आपला उंट त्याला दिसत नाही. आपल्या यजमानांना हे मागाच्या भाषेत अधिक चांगले समजेल. वीतभर कापड पाहून सूत कोणते आणि वीण किती घट्ट, हे जाणकार सांगू शकतो, परंतु ताग्यात कोठे धागा तुटला आहे आणि किती ठिकाणी तुटला आहे, हे पाहायचे तर सगळा तागा उलगडून उजेडावर धरावा लागतो. खेळाडूचे बळ म्हणजे त्याचा सर्वांत चांगला डाव नव्हे आणि सर्वांत वाईट डावही नव्हे. शेकडो डावांत तो सरासरीने कसा खेळतो, किती वेळा चुकतो आणि चुकल्यावर किती वेळा सावरतो, त्याला बळ म्हणायचे.

आता थोडा हिशेब करू. तो कंटाळवाणा वाटला तरी वाचावा अशी विनंती आहे, कारण आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यातच आहे. बुद्धिबळपटूंचे बळ आकड्यात मांडण्याची जी पद्धत जगभर चालते, ती अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी प्राध्यापकांनी बसवली आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती १९७० मध्ये स्वीकारली. या पद्धतीनुसार दोन खेळाडूंच्या गुणांकनात, म्हणजे बळाच्या आकड्यात, १०० गुणांचे अंतर असेल, तर सरस खेळाडूने १०० डावांत सुमारे ६४ गुण मिळवावेत अशी अपेक्षा असते. हे दुसरे गुण डावांतले: विजयाचा एक आणि बरोबरीचा अर्धा. १०० गुणांचे अंतर म्हणजे काही थोडे नव्हे; क्लबात रोज खेळणाऱ्याला ते पटावर बसल्यावर जाणवते.

समजा, अशी एक सरस मुलगी दर दहा डावांत सरासरी पाच जिंकते, तीन बरोबरीत सोडवते आणि दोन हरते. म्हणजे १०० डावांत ६५ गुण झाले. या मुलीला तिच्या त्याच प्रतिस्पर्ध्याशी चार-चार डावांच्या १०० लढती खेळायला लावल्या, तर त्यांतील सुमारे ६८ ती जिंकेल, १८ दोन-दोन अशा बरोबरीत सुटतील आणि १४ लढती ती हरेल. थोडक्यात, दर सात लढतींपैकी एका लढतीत दुबळी खेळाडू विजेती ठरेल आणि वर्गात कोणीतरी सांगेल की कोण सरस ते आता ठरले.

अंतर कमी असेल तर चित्र आणखी धूसर होते. एकाच वर्गात शिकणाऱ्या आणि एकाच सरांकडे खेळ शिकलेल्या दोन मुलींमध्ये ३५ गुणांचे अंतर असणे अगदी शक्य आहे. अशा वेळी सरस मुलगी १०० डावांत ५५ गुण मिळवते. दहांत चार विजय, तीन बरोबरी, तीन पराभव असे धरून हिशेब केला, तर चार डावांच्या लढती ती १०० पैकी फक्त ४८ जिंकते. सुमारे २२ बरोबरीत सुटतात आणि जवळजवळ ३० ती चक्क हरते. आणि दोघी अगदी तंतोतंत सारख्या बळाच्या असतील तर? तेव्हाही, दहांत तीन डाव बरोबरीत सुटतात असे धरले तर, चार डावांच्या १०० लढतींपैकी ७७ लढतींत कोणी ना कोणी जिंकतेच. दोघींत काडीचाही फरक नाही आणि तरी निकालपत्रक म्हणते की फरक आहे. सरांच्या वाक्याला माझी हरकत आहे ती यामुळे.

मग डाव वाढवले तर? फायदा होतो, परंतु आपल्याला वाटतो त्याच्यापेक्षा फार कमी. वर सांगितलेल्या ३५ गुणांच्या अंतरावर चोवीस डाव खेळवले, तरी दर चार लढतींपैकी जवळजवळ एक लढत दुबळी खेळाडू जिंकते. १०० लढतींपैकी ९५ लढतींत सरस खेळाडूच पुढे असावी अशी खात्री हवी असेल, तर दोनशेच्या जवळपास डाव खेळवावे लागतात. कारण असे की डाव वाढत जातात तसा बळामुळे पडणारा गुणांचा फरक सरळ वाढत जातो आणि चढउतार मात्र वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतात, म्हणजे डाव चौपट केले तेव्हा कुठे सरासरीतील अनिश्चितता निम्मी होते. याउलट अंतर मोठे असेल तर थोडे डावही पुरतात. ६५ टक्के गुण मिळवणारी ती पहिली मुलगी चोवीस डावांची लढत १०० पैकी ९६ वेळा जिंकेल. म्हणूनच एखादी लढत चार-शून्य अशी सुटली असती, तर मी आपल्याला वेगळे पत्र लिहिले असते. अडीच-दीड या निकालात मात्र एका डावाचा फरक आहे. एक डाव उलटा लागला असता, तर हाच निकाल आपल्या मुलीच्या नावावर लागला असता.

हे केवळ शाळकरी मुलींच्या बाबतीत घडते असे नाही. १९८४ च्या सप्टेंबरमध्ये मॉस्कोत कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह यांची जगज्जेतेपदाची लढत सुरू झाली. प्रथम सहा डाव जिंकेल तो जगज्जेता, अशी अट होती. सत्ताविसाव्या डावानंतर कार्पोव्ह पाच-शून्य असे पुढे होते. त्या दिवशी कोणालाही विचारले असते की सरस कोण, तर उत्तरात शंका उरली नसती. त्यांना फक्त एक विजय हवा होता आणि तो पुढच्या एकवीस डावांत मिळाला नाही. कास्पारोव्ह यांनी बत्तिसावा, सत्तेचाळिसावा आणि अठ्ठेचाळिसावा डाव जिंकला आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये ती लढत निकालाविना थांबवण्यात आली. नऊ महिन्यांनी नव्या लढतीत तेरा-अकरा असे जिंकून कास्पारोव्ह बाविसाव्या वर्षी जगज्जेते झाले. पुढे १९८६, १९८७ आणि १९९० मध्येही हेच दोघे याच पटावर समोरासमोर आले. पाचही लढतींची बेरीज केली तर १४४ डाव होतात. त्यांत कास्पारोव्ह यांचे विजय २१, कार्पोव्ह यांचे १९ आणि १०४ डाव बरोबरीत. सहा वर्षे, १४४ डाव आणि फरक दोन विजयांचा! ज्या काळात कास्पारोव्ह यांना जगातील सर्वांत बलवान खेळाडू मानले जात होते, त्या काळातील हा हिशेब आहे.

आपल्या विश्वनाथन आनंद यांची १९९५ ची लढतही मला या निमित्ताने आठवते. न्यूयॉर्कला कास्पारोव्ह यांच्याविरुद्ध वीस डावांची लढत होती. पहिले आठ डाव बरोबरीत सुटले आणि नववा डाव आनंद यांनी जिंकला. लढत नऊ डावांची असती, तर आनंद त्याच दिवशी विजेते ठरले असते. पुढच्या पाच डावांत कास्पारोव्ह यांनी चार जिंकले आणि अखेरीस ते साडेदहा-साडेसात असे विजयी झाले. नवव्या डावाची बातमी आली तेव्हाचा आनंद आणि चौदाव्या डावानंतरची हुरहुर मला अजून आठवते. दोन्ही वेळी आम्ही मित्र अगदी ठामपणे सांगत होतो की आता सगळे कळून चुकले.

याचा अर्थ निकालाला किंमत नाही असा मात्र कोणी घेऊ नये आणि मामांना मी हेच सांगू इच्छितो. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला गुकेश आणि डिंग लिरेन यांचे तेरा डावांअखेर साडेसहा-साडेसहा गुण झाले होते. चौदाव्या आणि शेवटच्या डावात पंचावन्नाव्या खेळीला डिंग यांनी हत्ती चुकीच्या घरात नेला, हत्तींची मारामारी झाली, उंट पटावरून गेले आणि अठरा वर्षांचे गुकेश जगज्जेते झाले. त्या एका खेळीने दोघांच्या बळाचे कायमचे माप झाले असे कोणीही म्हणणार नाही, आणि गुकेश यांचे जगज्जेतेपद तेवढ्याने उणे होते असेही कोणी म्हणणार नाही. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. तेथे प्रत्येक फेरी दोन दीर्घ डावांची असते आणि बरोबरी झाली तर जलद डाव होतात. कोनेरू हम्पी यांच्याबरोबरच्या अंतिम लढतीत दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांत लागला. नियम आधी ठरलेले होते, दोघींनाही ते मान्य होते आणि त्या नियमांत जी जिंकली ती विजेती. विजेता कोण आणि अधिक बलवान कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर लढत देते. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी लढत भरवलेलीच नसते.

मामांच्या ‘नशीब’ या शब्दाला माझी हरकत आहे ती येथे. पटावर फासे नाहीत आणि पत्तेही नाहीत. आपल्या मुलीच्या हातून गेलेला प्रत्येक अर्धा गुण तिच्या स्वतःच्या एखाद्या खेळीमुळे गेला आहे आणि ती खेळी मला कागदावर बोट ठेवून दाखवता येते. पहिल्या डावात एकोणिसाव्या खेळीला तिने घोडा हलवला आणि त्याच घोड्याच्या आधाराने उभा असलेला उंट उघडा पडला. दुसरा डाव तिने सुंदर खेळला. समोरच्या मुलीने राजाला किल्लेकोटात नेण्यास उशीर केला आणि आपल्या कन्येने चोविसाव्या खेळीला मात केली. तिसरा डाव मात्र त्या मैत्रिणीने खरोखर जिंकला आहे, कोणाची मोठी चूक झाली म्हणून नव्हे, तर वजिराच्या बाजूचे एक दुबळे प्यादे हेरून तिने पन्नास खेळ्या शांतपणे त्याच्यावर दाब ठेवला म्हणून. तेरा वर्षांच्या मुलीने इतका धीर धरावा याचे मला कौतुक वाटले आणि आपण ते आपल्या मुलीला जरूर सांगावे.

चौथा डाव मी तीनदा खेळून पाहिला. शेवटी पटावर पुढील स्थिती होती (पांढऱ्याच्या बाजूने पाहिले तर उभ्या रांगा डावीकडून ए ते एच आणि आडव्या ओळी खालून १ ते ८). पांढरी मोहरी आपल्या मुलीची. पांढरा राजा जी-८ वर, त्याच्यापुढे पांढरे प्यादे जी-७ वर आणि पांढरा हत्ती एफ-१ वर. काळा राजा ई-७ वर आणि काळा हत्ती एच-२ वर. प्यादे वजीर होण्यापासून एक घर दूर, परंतु स्वतःचाच राजा त्याच्या वाटेत उभा. राजा बाहेर काढला की काळा हत्ती मागून शह देत राहतो. मुलीने ई-१ वरून शह दिला, काळा राजा डी-७ वर गेला आणि मग तिने लगेच राजा बाहेर काढला. शह आला, शह चुकवत राजा परत आत गेला. पुन्हा बाहेर, पुन्हा शह, पुन्हा आत. तीच स्थिती तीनदा आली आणि डाव बरोबरीत सुटला. ही स्थिती लुसेनाची स्थिती म्हणून ओळखली जाते आणि ती जिंकण्याची रीत शेकडो वर्षांपासून माहीत आहे. राजा बाहेर काढण्याआधी हत्ती ई-१ वरून ई-४ वर, म्हणजे चौथ्या ओळीत आणून ठेवायचा. मग राजाने बाहेर पडून शहांना चुकवत एफ-७, जी-६, एफ-६, जी-५ असे खाली यायचे आणि जी-५ वर आल्यावर शेवटचा शह येतो तेव्हा पांढरा हत्ती जी-४ वर मध्ये घालायचा. शह संपतात आणि प्यादे वजीर होते. याला खेळाडू ‘पूल बांधणे’ म्हणतात.

ही एक खेळी तिला माहीत असती तर लढत दोन-दोन अशी सुटली असती. तिच्या मैत्रिणीला तरी ती माहीत होती का, हे या डावावरून कळत नाही, कारण तिच्यावर ती खेळण्याची वेळच आली नाही. चार डावांत असेच होते. एकीच्या ज्ञानातील खाच उघडी पडते आणि दुसरीची झाकलेली राहते. ज्या स्थिती पटावर आल्याच नाहीत त्यांत कोण काय करेल, हे अडीच-दीड हा आकडा सांगू शकत नाही. म्हणून थोड्या डावांवरून काही समजून घ्यायचे असेल, तर गुण कमी पाहावेत आणि खेळ्या जास्त पाहाव्यात असे माझे मत आहे. चार निकाल म्हणजे चारच आकडे असतात. चार डावांत मात्र दीड-दोनशे निर्णय असतात.

आणखी एक गोष्ट सरांच्या कानावर घालण्यासारखी आहे. एकास एक लढतीतून, ही मुलगी त्या मुलीला किती भारी पडते, एवढेच कळते. संघाला मात्र इतर शाळांच्या अनोळखी खेळाडूंशी खेळायचे असते. बुद्धिबळात पहिला दुसऱ्याला हरवतो, दुसरा तिसऱ्याला आणि तिसरा पुन्हा पहिल्याला, असे वर्तुळ अनेकदा दिसते, कारण खेळण्याच्या शैली एकमेकींना अडतात किंवा सोयीच्या पडतात. सन २००० मध्ये लंडनला क्रामनिक यांनी कास्पारोव्ह यांना साडेआठ-साडेसहा असे हरवले. काळ्या मोहऱ्यांनी त्यांनी बर्लिन बचाव वापरला आणि पंधरा डावांत कास्पारोव्ह यांना एकही विजय मिळवता आला नाही. जगज्जेतेपद गेले, तरीही २००५ मध्ये निवृत्त होईपर्यंत जागतिक क्रमवारीत पहिले स्थान कास्पारोव्ह यांचेच राहिले, कारण इतर सर्वांविरुद्ध ते पूर्वीसारखेच जिंकत होते. संघासाठी निवड करायची असेल, तर दोघींना आठ-दहा वेगवेगळ्या खेळाडूंशी खेळवून एकूण गुण पाहणे अधिक न्यायाचे ठरेल. शाळेतच सगळ्यांनी सगळ्यांशी दोन-दोन डाव खेळावेत, एक पांढऱ्या मोहऱ्यांनी आणि एक काळ्या. पांढऱ्याला पहिल्या खेळीचा फायदा असतो आणि मोठ्या संख्येने डाव मोजले तर पांढऱ्याच्या वाट्याला साधारण ५४ ते ५५ टक्के गुण येतात, म्हणून मोहऱ्यांची अदलाबदल सोडू नये. वेळेचेही तसेच आहे. पंचवीस मिनिटांच्या डावात जी मुलगी पुढे असते ती दीड तासाच्या डावात पुढे असेलच असे नाही, आणि म्हणूनच महासंघ दीर्घ, जलद आणि अतिजलद खेळांचे गुणांकन वेगवेगळे ठेवतो. संघाच्या स्पर्धेत जेवढा वेळ मिळणार आहे, तेवढाच वेळ निवडीच्या डावांत द्यावा. ही विनंती आपण या वर्षीचा निकाल बदलण्यासाठी करू नये, पुढच्या वर्षीसाठी करावी. या वर्षीची जागा त्या मुलीची आहे आणि तिने ती नियमाने मिळवली आहे.

आपण कदाचित विचाराल की मग दोघींना दोनशे डाव खेळायला लावून एकदाचा सोक्षमोक्ष का लावू नये. अडचण अशी की मुले स्थिर नसतात. दोनशे डाव व्हायला एक वर्ष लागेल आणि वर्षाच्या शेवटी पटावर बसलेल्या मुली वर्षाच्या सुरुवातीच्या राहिलेल्या नसतील. मी आणि माझ्या एका मित्राने तरुणपणी पार्क मैदानाजवळच्या एका ओट्यावर खेळलेल्या प्रत्येक डावाचा निकाल वहीत लिहून ठेवला होता. पहिल्या दहा डावांत तो सात-तीन असा पुढे होता आणि मी त्याला मनोमन गुरू मानून टाकले होते. तिसऱ्या वर्षी वहीची पाने संपली तेव्हा मी त्याच्या थोडा पुढे गेलो होतो. ती वही आज उघडून पाहतो तेव्हा मला दोन खेळाडू दिसत नाहीत, दर काही महिन्यांनी बदलणारे चार-सहा खेळाडू दिसतात. सात-तीन हा आकडा खरा होता, पण तो त्या उन्हाळ्यापुरता खरा होता.

मुलीला माप हवेच असेल, तर ते स्पर्धांतून मिळवू द्यावे. गुणांकन असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव झाले की महासंघाचे पहिले गुणांकन मिळू शकते आणि सोलापुरात नाही मिळाली तर पुण्या-सांगलीकडे एखादी गुणांकन स्पर्धा सुट्टीत गाठता येते. मात्र त्या आकड्याकडेही लगेच काळ्या दगडावरची रेघ म्हणून पाहू नये. नव्या आणि अठरा वर्षांखालील खेळाडूंसाठी गुणांकनाचा बदल मुद्दाम जलद ठेवलेला असतो. बरोबरीच्या खेळाडूशी एक डाव हरला की वीस गुण जातात आणि जिंकला की वीस मिळतात. तीस-चाळीस डाव होईपर्यंत तो आकडा वरखाली होत राहील आणि तसे होणे स्वाभाविक आहे.

राहिला कपाटातला पट. “तू तिच्यापेक्षा कमी नाहीस” असे मुलीला सांगू नका, कारण तेही आपल्याला माहीत नाही आणि तेरा वर्षांच्या मुलीला खोटा दिलासा लगेच ओळखू येतो. कारणे सांगू नकोस, असे वडील म्हणतात ते तिने मानावे. उकडत होते, झोप झाली नव्हती, हे सगळे समोरच्या मुलीच्याही वाट्याला आलेले असू शकते. मात्र कारण सांगणे वेगळे आणि कारण शोधणे वेगळे, हे वडिलांनीही ध्यानात घ्यावे. ताग्यात धागा कुठे तुटला हे ते रोजच शोधत असतील.

यासाठी पहिल्या दिवशी पूर्ण पट मांडण्याची गरज नाही. दोन राजे, दोन हत्ती आणि एक प्यादे, एवढी पाचच मोहरी बाहेर काढावीत आणि मी वर लिहिलेल्या घरांवर ठेवावीत. वडिलांना मोहरी कशी चालतात एवढे येत असेल, तर काळ्या बाजूने त्यांनी बसावे आणि जमतील तितके शह द्यावेत. रीत मी वर लिहिली असली तरी ती मुलीला आधी वाचून दाखवू नये. हत्ती चौथ्या ओळीत का आणायचा हे तिला स्वतःला सापडायला दोन दिवस लागले तरी चालतील. ते सापडल्यावर तिने त्या मैत्रिणीला घरी बोलवावे आणि तीच पाच मोहरी मांडून विचारावे, “ही तुला जिंकता येते का?”